पैठणच्या दाजींच्या गोळ्या

टीव्ही सेंटरच्या मागच्या गल्लीत धम्मपाल वाहूळचं मेडिकल आहे. सत्तावीस वर्षं झाली. गल्लीतले साठीपुढचे निम्मे पुरुष त्याच्याकडून एकाच दुखण्याच्या गोळ्या नेतात, आणि त्यांतल्या एकालाही ते दुखणं नाही. कुणाच्या सासऱ्याला आहे, कुणाच्या चुलत्याला, कुणाच्या गावाकडच्या मित्राला. प्रोस्टेट वाढलं की लघवी अडखळते, माणूस रात्री सारखा उठतो. आता हे स्वतःच्या नावावर सांगायचं कसं? गुडघे, साखर, बीपी यांच्यावर आमची म्हातारी मंडळी पारावर तासन्‌तास बोलतील. या एका बाबतीत मात्र सगळ्यांची दातखीळ बसते.

या लाजेवर बाजार मात्र झकास चालतो. रिक्षांच्या पाठीवर लेझरच्या जाहिराती, टीव्हीवर बिनाऑपरेशनचं चूर्ण. एकाच गोळीची चार नावं घेऊन औषध कंपन्यांचे चार एमआर येतात. धम्मपालच्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळही अशाच एका गोळीच्या कंपनीनं दिलेलं. गिऱ्हाइकं त्यात वेळ बघतात, खालचं नाव वाचत नाहीत.

धम्मपाल स्वभावानं मवाळ. समोरच्यानं सांगितलेला चुलता तो मान्य करून टाकतो. काउंटरवर बाया असतील तर बोलतच नाही. सॅनिटरी पॅड ज्या वर्तमानपत्रात गुंडाळतो, त्याच कागदात हे पाकीटही गुंडाळून पुढं सरकवतो. सल्लाही चुलत्याच्याच नावानं. "त्यांना म्हणावं, झोपताना घ्या. अन् एकदम ताडकन उठू नका, चक्कर येते." समोरचा मान हलवून निरोप पोचवायचं कबूल करतो. दोघांनाही सगळं ठाऊक असतं.

साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे कन्नड तालुक्यातले बद्रीनाथराव तीन वर्षं पैठणच्या दाजींसाठी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यासाठी, गोळ्या नेत होते. गेल्या जानेवारीत ते नाक पुसत आले.

"दाजींचं पाकीट द्या. अन् मला सर्दीचं कायतरी द्या, लई बेजार झालो."

धम्मपालनं दोन्ही दिलं. सर्दीच्या त्या गोळीनं प्रोस्टेटवाल्या माणसाची लघवी पार अडकू शकते, हे त्याला पाठ होतं. सर्दी दाजींना झालीय असं कुणी म्हटलं असतं तर त्यानं गोळीला हात लावला नसता. पण सर्दी बद्रीनाथरावांना होती आणि प्रोस्टेट दाजींना. रीत इतकी अंगात मुरलेली, की दोन्ही पाकिटं एकाच पोटात जाणार हे त्याला सुचलंच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बद्रीनाथरावांचा मुलगा सोमनाथ दुकानात आला. शेंद्र्याच्या कंपनीचा गणवेशही त्यानं बदलला नव्हता.

"काका, बाबांची लघवी कालपासून बंद झाली. नळी टाकलीय. किडनीवर ताण आलाय. आधी काही त्रास होता का, कोणत्या गोळ्या चालू होत्या, डॉक्टर विचारतात. बाबा म्हणतात, कायबी नव्हतं. तुमच्याकडून काय नेलं व्हतं?"

त्या दोन पाकिटांचा मेळ धम्मपालला आत्ता लागला. एवढी भीती त्याला दुकान काढताना कर्जाचीही वाटली नव्हती. चौदा एप्रिल सोडला तर दुपारी कधी न पडलेलं शटर त्या दिवशी पडलं.

दवाखान्यात पैठणहून बहीण मनकर्णाबाई आणि दाजी पुंजाराम एसटीनं येऊन बसले होते. आधी काहीच त्रास नव्हता म्हटल्यावर डॉक्टर भलतंच काही शोधत होते, पुढच्या तपासण्या लिहून देत होते. धम्मपालनं सर्दीच्या गोळीचं नाव सांगितलं. पण पुढं सवयीनं तो म्हणाला, "आणि दाजींसाठी प्रोस्टेटच्या गोळ्या नेत होते."

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं.

"मला?" पुंजाराम उभाच राहिला. "मला काय धाड भरलीय?"

धम्मपालला स्वतःची चीड आली. पलंगावरच्या माणसाची किडनी पणाला लागलेली, आणि आपण अजून निरोप्याचंच काम करतोय! तो बद्रीनाथरावांकडं वळला.

"बद्रीनाथराव, माझं चुकलं. सर्दीची गोळी देताना मी विचारायला पाहिजे व्हतं. आता तरी सांगा."

बद्रीनाथरावांनी डोळे मिटून घेतले. "माझ्याच व्हत्या," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली."

सर्दीची गोळी बंद झाली, इलाजाची दिशा बदलली. किडनीचे आकडे हळूहळू खाली आले. चौथ्या दिवशी नळी काढली. बद्रीनाथराव बराच वेळ संडासात होते. बाहेर आले तेव्हा ओशाळलेले आणि खूश, दोन्ही दिसत होते. सोमनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. धम्मपाल भिंतीला टेकला आणि चार दिवसांत पहिल्यांदाच हसला.

तो निघाला, तसा पुंजाराम लिफ्टपाशी मागून आला. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "भाऊ, त्या गोळ्यांचं एखादं पाकीट मिळंल का? आमच्या तिथं एक दोस्त हाय. त्याला लई तरास हाय बिचाऱ्याला."

हे वाक्य धम्मपालनं हजारदा ऐकलं होतं आणि दरवेळी मान डोलावली होती. या वेळी त्यानं पुंजारामचा दंड धरला आणि त्याला डॉक्टरांच्या केबिनबाहेरच्या टेबलापाशी आणलं.

"नवीन पेशंट," तो तिथल्या बाईंना म्हणाला. "नाव पुंजाराम. गाव पैठण."

पुंजारामनं दंड सोडवून घेतला नाही. बाईंनी वय विचारलं, ते त्यानं सांगितलं. त्रास कधीपासून आहे, असं विचारल्यावर त्यानं मागं वळून मनकर्णाबाई जवळपास नाही ना, ते बघून घेतलं.

"पाच वर्षं झाली, बाई," तो म्हणाला.