तणसाखालच्या पिशव्या

हे मी आईला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. आमची गाय मेली ती माझ्यामुळे — आज पहिल्यांदा तोंडातून काढते आहे. आणि बघा, गाईचं आधी सांगून मोकळी झाले. माणसाचं मागे ठेवलं. खोड जुनीच आहे माझी.

सडक अर्जुनीजवळचं आमचं गाव. नववीत असताना शाळेत प्लास्टिक गोळा करायचं काम मी सुरू केलं — सरांनी नाही, मी. पोरांनी दुधातेलाच्या पिशव्या, चिप्सची पाकिटं घरून धुऊन, वाळवून आणायची. मी त्यांच्या जुड्या बांधायची, आईच्या स्वेटरच्या उरलेल्या लाल लोकरीने. मग भंगारवाला न्यायचा, पुढे कारखान्यात त्याचे दाणे व्हायचे. लीडर म्हणवून घ्यायला मला भारी आवडायचं. कुणी न धुता आणलं की अशी झापायची, विचारू नका.

शाळेमागेच आखर — सकाळी चरायला निघायच्या आधी गावच्या गाई जमतात ती जागा. गाई चारणारा गायकी म्हणजे सोमामामा. रानात दिसलेलं पाकीट गाईच्या तोंडात जाऊ नये म्हणून तो आधीपासूनच उचलायचा. माझं काम सुरू झाल्यावर ती पाकिटं तलावावर धुऊन, सदऱ्याच्या खिशात घालून आणायला लागला. संध्याकाळी आमच्या फाटकाशी थांबायचा. "घे माय, तुया शाळेले." शाळेतलं एकही पोरगं त्याच्याइतकं नीट धुवायचं नाही.

मग तालुक्याहून साहेब बघायला येणार, असं ठरलं. मागच्या खोलीत पोती पडली होती. घाईघाईत मी न धुतलेल्या पिशव्यांच्याही जुड्या बांधून टाकल्या होत्या, आणि भंगारवाल्याने वास घेऊन त्या तशाच ठेवल्या होत्या. सोडून, धुऊन परत बांधायला हव्या होत्या. मला कंटाळा आला — बस, एवढंच. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ती पोती एकटीने ओढत नेली आणि आखराशेजारच्या खड्ड्यात रिकामी केली. दिसू नये म्हणून वर काहीतरी टाकायला हवं होतं. जवळच कुणाचा तरी धानाच्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, ढीग होता. त्यातलं तणस आणून वर पसरलं.

आता तुम्हीच सांगा — धान पिकवणाऱ्या घरची पोरगी मी. तणस दिसलं की गाय येते, हे मला कुणी शिकवायला हवं होतं? मनात आलं होतं. खड्ड्याच्या काठावर उभी असतानाच आलं होतं. साहेब गेले की काढून टाकू, म्हटलं. साहेब आले, हार झाले, फोटो झाला. आणि मी विसरले... नाही. विसरले नाही. गेलेच नाही.

काही दिवसांनी आमची चांदी फुगली. रवंथ बंद झाला, आडवी झाली ती उठलीच नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट उघडलं तर पिशव्यांचा हा गोळा. बाबा म्हणाले, हायवेवरच्या ढाब्याचा कचरा खाल्ला. सोम्या चहा पीत बसला असेल गाई सोडून. साऱ्या गावाने तेच धरलं. मी दारात उभी होते. गोळ्यात लाल लोकर दिसत होती. गाठ माझी होती.

"मी गाई तिकडं नेलोच नाई, भाऊ," सोमामामा म्हणत राहिला. दुसरं काही बोलायला त्याच्याकडे नव्हतंच. माझ्याकडे होतं. बाबांनी मारलं असतं का मला? कधी हात लावला नव्हता त्यांनी. शाळेतला फोटो उतरला असता, तेवढंच. तो अजून आहे तिथे. सोमामामा नाही.

गावाने त्याला काढून दुसरा गायकी ठेवला. त्या दिवाळीत गायगोधनाला, शेणाच्या गोधनावरून गाई नेतात तेव्हा, पुढे चालायचा मान त्या नव्याला मिळाला. सोमामामा धुतलेलं धोतर नेसून आखराच्या कडेला उभा होता. कुणी बोलावलं नाही. गाई मात्र त्याच्याकडेच वळत होत्या, आणि नवा गायकी त्यांना काठीने परत वळवत होता. माझ्याने बघवत नव्हतं. तरी बघत उभी राहिले, आणि तोंड मिटलेलंच ठेवलं.

संध्याकाळी तो आमच्या फाटकाशी आला. आत आला नाही. खिशातून पाकिटं काढली — धुतलेली, घडी घातलेली.

"हे राहून गेलं होतं, माय."

मी ती घेतली. शाळा उघडल्यावर त्यांचीही जुडी बांधली, लाल लोकरीनेच.