कुंकवाची खूण

ऑइलपेंटचा वास आला की मला धुळ्यातली पांझरेकाठची एक भिंत आठवते. सरकारी नकाशाप्रमाणे आम्ही पाटबंधारे खात्याची माणसं तिच्या पायथ्याशी निळी पूररेषा रंगवत होतो. रेषेच्या नदीकडच्या बाजूला बांधकाम बंद, अलीकडे परवानगी. घरातल्या अक्का बाहेर आल्या. भिंतीवर छातीइतक्या उंचीला लावलेलं कुंकू दाखवत म्हणाल्या, "पानी आठेपावत उनं व्हतं, भाऊ. तठेच आम्ही दरसाल नदीनी पूजा करतस." "नकाशात तसं नाही, अक्का," म्हणत मी ब्रश पुढे ओढला. त्यांनी वाद घातला नाही, चहा दिला. पुढे रेषेच्या अलीकडे प्लॉट पडले, त्यातला एक मीच घेतला, घर बांधलं. परवा, गेल्या पुरानंतर पहिल्यांदाच घराला रंग देताना रंगाऱ्याने विचारलं, "साहेब, भिंतीवर छातीएवढ्या उंचीला हे कुंकू कशाचं? पुसू का?" मी म्हणालो, "राहू द्या."