सीटखालचा जोड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझा चोरून खाल्लेला शेंगदाण्याचा लाडूसुद्धा लपत नाही! तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका.

सत्तरच्या दशकातली गोष्ट, सोलापुरातली. माझा मित्र श्रीनिवास — घरचे माग, पण डोळे सदा आभाळात — आणि मी, त्यांच्या शेडमागे विमान बांधत होतो. हो, विमान! एका माणसापुरतं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर कापड. कापडाला आमच्याकडे काय तोटा? उडवायला दोघंही पुण्यात जाऊन शिकून आलो होतो. अख्ख्या पेठेनं आम्हाला वेड्यात काढलं. आम्ही खूश.

जोडकाम माझ्याकडे. ट्रकच्या बॉडी बांधणारे रहमानचाचा शिकवायचे. गॅसची निळी ज्योत नळीवर धरायची — लोखंड लाल होतं, पिवळं होतं आणि एकदम वितळून त्याचं पाणी होतं. त्या पाण्यात तार बुडवत पुढे सरकायचं. "आग कू डरू नक्को, पानी कू देख," चाचा म्हणायचे. ते पाणी पहिल्यांदा माझ्या हाताबरोबर चालत आलं, त्या दिवशी मी काळा चष्मा कपाळावर ठेवूनच घरी गेलो. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. (हेही बायकोला सांगितलेलं नाही.)

पण पातळ नळी भारी लबाड. जरा रेंगाळलात की भोक! सीटखालच्या जोडाला मी तसंच भोक पाडलं. चाचांचा नियम होता — जळलेली नळी कापायची, नवी घालायची. चाचा त्या दिवशी नव्हते. मी भोकावर तार ओतली, कानशीनं घासलं, रंग फासला.

हा कबुलीजबाब एवढाच असता तर — पण नाही.

अक्कलकोट रस्त्याच्या माळावर विमान नेलं. नारळ फुटला. श्रीनिवासनं माझा हात धरून मला सीटपाशी नेलं. "पयला तू बस की. जोड तुजे हायत, मान तुजाच."

'थांब' एवढंच म्हणायचं होतं ना? मी काय म्हणालो? "छे छे! स्वप्न तुझं, पहिला तू." वर मिठीही मारली.

तो बसला. विमान धडधडत पळालं आणि — चाकं सुटली! पुरुषभर वर! मेंढरं उधळली, चाचा टोपी उडवत नाचले. मीही नाचलो. तो आनंद खोटा नव्हता, देवाशपथ. पण नजर सीटखालीच होती.

तो उतरला, हसत, रडत. जोड टिकला, त्यात माझं श्रेय काही नाही. पुढे काहीतरी निमित्त काढून मी ती नळी बदलली. मग मीही बसलो.

श्रीनिवास अजून चारचौघांत सांगतो — पहिली भरारी यानं मला दिली, एवढ्या मोठ्या मनाचा माणूस. मी खाली बघतो. लोकांना तो विनय वाटतो.

मी त्याला काही दिलं नव्हतं. माझ्या हातच्या जोडावर मी बसायला तयार नव्हतो, म्हणून त्याला बसवलं.