मक्याच्या वासाची बिअर

टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये जाड लोखंडी दाराची एक बिनखिडकीची खोली आहे. बॉम्ब पडले तर लपायला म्हणून ती बांधलेली. ते पडेपर्यंत लोक तिच्यात तांदूळ आणि सुटकेसेस ठेवतात. आमच्याकडे तिच्यात मी घरी बनवत असलेली बिअर होती. बायकोच्या बरण्या आणि इस्त्रीचं टेबल हॉलमध्ये आले होते, आणि सोफ्यापर्यंत तिरकं चालत जावं लागे.

पहिली बिअर आंबली. दुसरीला नेलपॉलिशचा वास आला, कारण इथल्या दमट हवेत यीस्टलाही घाम फुटतो. मग मी त्या खोलीत एक जुना फ्रीज आणून बसवला. तिसऱ्या खेपेला बायकोने अट घातली.

"तू सोडून कुणीही एक अख्खा ग्लास संपवला तर खोली तुझी. नाही तर सोमवारी हे सगळं बाहेर."

या छंदाचं मूळ म्हणजे बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातले माझे एक वरिष्ठ. मुंबईचे. ते बिअर आधी नाकाने पितात. मी तयार सिरपच्या डब्यापासून सुरुवात करणार होतो, तर ते म्हणाले, "ते म्हणजे इडली मिक्स. स्वाभिमान असलेला माणूस धान्यापासून करतो." माझाही स्वाभिमान नेमका तेव्हा जागा झाला.

धान्यापासून म्हणजे असं: मोड आणून वाळवलेले जव भरडायचे, गरम पाण्यात मुरवायचे, ते गोड पाणी गाळून हॉप्सच्या कडू फुलांबरोबर तासभर उकळायचं, गार करून यीस्ट घालायचं. मी थर्मामीटर घेऊन भांड्याशेजारी बसलो. चमचेसुद्धा ऑपरेशनला निघाल्यासारखे निर्जंतुक केले. बिअरच्या पुस्तकातलं बिघडलेल्या चवींवरचं प्रकरण रोज वाचत होतो. ओला पुठ्ठा, चिकटपट्टी, गंजलेलं नाणं, बोकड. या सगळ्यांची चव आधीपासून ठाऊक असलेल्या माणसांचं बालपण कसं गेलं असेल, हे पुस्तकात नव्हतं.

शनिवारी दुपारी वरिष्ठ आले. बाटली उघडली, फेस आला, रंग सोनेरी. मला क्षणभर वाटलं, जमलं.

मुलीने ग्लास हुंगला. "Baba, smells like cup corn lah. The MRT one."

वास खरोखरच उकडलेल्या मक्याचा होता. मेट्रो स्टेशनबाहेर लोणी लावून कपात मिळतो, तोच.

वरिष्ठांनी डोळे मिटले. "वहिनी, याला कॅरेक्टर म्हणतात. युरोपात काही ठिकाणी मुद्दाम ठेवतात."

"मक्याचा वास?"

"मक्याची आठवण."

बायको स्वयंपाकघरातून सर्वांत मोठा ग्लास घेऊन आली आणि तिने तो काठोकाठ भरला. "मग आठवणीने संपवा. याची खोली तुमच्यावर अवलंबून आहे."

त्यांनी एक घोट घेतला. मग युरोपाबद्दल बोलले. मग आणखी अर्धा घोट. ग्लास खाली ठेवून त्यांनी मला हळूच विचारलं, "उकळताना जोरात उकळलंस ना?"

"हो. झाकण ठेवून."

"झाकण?"

"झाकण म्हणजे ताट. वर पाणी घालून."

त्यात लपवण्यासारखं काय होतं? फ्लॉवरची भाजी आमच्याकडे अशीच शिजते. ताटात पाणी ठेवलं की वाफ आतच राहते, खाली लागत नाही, आणि भांडंही लवकर उकळतं. शिवाय खिडकीबाहेर दांडीवर कपडे वाळत होते, त्यांना वाफेचा वास लागला असता. मध्येमध्ये ताटातलं गरम पाणी मी भाजीत ओततात तसं आतही ओतलं होतं.

"अरे, तो मक्याचा वास वाफेबरोबर बाहेर जायचा असतो," ते म्हणाले. "तू तो ताटाला धडकवून परत आत पाडलास. तासभर!"

"पण आत्ता तुम्ही कॅरेक्टर म्हणालात."

"ते वहिनींसाठी."

दोनशे पानांच्या पुस्तकात 'ताट ठेवू नये' असं कुठेही नव्हतं. 'उघडं उकळा' असं होतं. ते मी वाचलंही होतं. पण उघड्यावर काही शिजवणं हा निष्काळजीपणा आहे, असं माझ्या हातांचं मत होतं आणि त्यांनी मला विचारलं नाही.

"संपवताय ना?" बायकोने विचारलं.

वरिष्ठ ग्लासकडे बघत राहिले. "संपवली असती हो. पण मला गाडी चालवायचीय."

"तुम्ही MRT ने आलात," मुलगी म्हणाली.

बायकोने उठून ते लोखंडी दार सताड उघडलं. "सोमवार कशाला? चल, एका बाजूने धर."

आम्ही फ्रीज तिरका करून उंबऱ्यापर्यंत आणला. आतल्या उरलेल्या बाटल्या किणकिणल्या. वरिष्ठ मागून सांगत होते की बाटल्या हलवू नयेत, तळाचा गाळ वर येतो, चव बिघडते.

"सर," मी म्हणालो, "जरा खालून धरता का?"

त्यांनी पायांत बूट घालायला घेतले.