जिल्हा झाल्यावर भरू

उदगीरच्या शिवप्पाला सरकारी कामाचा आळस होता, असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय होईल. त्याची सगळी कामं ठरलेली होती, फक्त उदगीर जिल्हा व्हायचा तेवढा बाकी होता. दुकानाचा परवाना, सातबाऱ्यावरून वारलेल्या वडिलांचं नाव कमी करणं, मतदार कार्डावरचा कुणा भलत्याच माणसाचा फोटो बदलणं, हे सगळं तो जिल्हा झाल्यावर करणार होता. लातूरचा जिल्हा झाला तेव्हा शिवप्पा शाळकरी पोरगा होता. आपल्या गावाचा नंबर हुकला ही गोष्ट त्यानं तेव्हापासून मनाला लावून घेतली होती.

त्याचं पेंडीचं दुकान होतं. समोरच्या हॉटेलात रोज संध्याकाळी जिल्हावाल्यांचं मंडळ भरे. अध्यक्ष होते बियाण्यांचे व्यापारी मन्मथअप्पा. एका संध्याकाळी, चहाची तिसरी फेरी झाल्यावर, मंडळानं शपथ घेतली की उदगीर जिल्हा होईपर्यंत सरकारी कामासाठी लातूरला पाऊल टाकायचं नाही. बाकीच्यांनी नुसते हात वर केले. शिवप्पानं मात्र गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घेतली, कारण त्याचं सगळं असंच मनापासून असे.

या शपथेत सापडली ती त्याची बायको महानंदा. माहेरच्या वाट्याचे पैसे तिच्या नावावर बँकेत ठेवलेले होते, लेकीच्या शिक्षणासाठी, मोडायचे नाहीत म्हणून. बँक दरवर्षी त्या व्याजातून आयकर कापून घेई. एवढ्याशा व्याजावर खरं तर कर बसतच नव्हता. रिटर्न भरलं असतं तर कापलेलं सगळं परत आलं असतं. महानंदा दरवर्षी आठवण करी आणि शिवप्पा दरवर्षी म्हणे, जिल्हा झाल्यावर भरू. उद्या आपल्या गावातच ऑफिस येईल, मग दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं, असा त्याचा हिशेब. ती गप्प बसे, आणि शिवप्पाला वाटे की तिला पटलं.

मग तो दुष्काळ आला, ज्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. शिवप्पाच्या दुकानात पेंडीची पोती छताला लागलेली आणि घरच्या गाईला प्यायला पाणी नाही, अशी गंमत झाली. गाय देवणी जातीची होती, नाव गौरा. महानंदानं तिला वासरू असल्यापासून वाढवलेलं. शेवटी ती विष्णुपुरीच्या किशनरावाला, महानंदाच्या मावसभावाला, विकली. तिकडे धरणाच्या काठाला थोडं तरी पाणी होतं. किशनराव नातं राखणारा माणूस. दिवाळीपर्यंत पैसे आणलेस तर त्याच भावात गाय परत ने, असं तो म्हणाला. पण गाईचे पैसे शिवप्पानं नव्या बोअरमध्ये घातले आणि बोअरमधून नुसती धूळ निघाली.

मार्चमध्ये महानंदा पासबुक भरून घ्यायला बँकेत गेली, तेव्हा तिथल्या क्लार्कनं सहज सांगितलं की जुन्या वर्षांचा कर अजून परत मागता येतो, पण उशीर का झाला याचा अर्ज करावा लागतो. त्यातही सगळ्यात जुनं वर्ष या मार्चअखेर कायमचं बुडणार होतं. महानंदानं कापलेल्या पैशांची मनातल्या मनात बेरीज केली. गौरा जेमतेम परत येत होती, तीही एकही वर्ष बुडालं नाही तरच.

घरी येऊन तिनं सांगितलं की उद्या मी लातूरला निघाले. शिवप्पा हादरला. मग त्यानं रात्रभर विचार करून एक पळवाट काढली. काम बायकोचं आहे, आपण फक्त सोबत, आणि सोबतीला शपथ लागू होत नाही. गावातही कर सल्लागार होता, पण त्याच्याकडे गेलं की संध्याकाळच्या आत हॉटेलात कळणार. शिवाय अर्ज द्यायचा तो लातूरलाच. तेव्हा दोघं पाण्याच्या बाटल्या भरून पहिल्या एसटीनं निघाले. त्या दिवसांत लातुरात कुणाकडे पाणी मागणं पैसे मागण्यापेक्षा वाईट दिसे. शिवप्पानं डोक्याला रुमाल असा गुंडाळला होता की फक्त मिशा दिसत होत्या.

लातूरच्या सल्लागार सिंधु मॅडमच्या ऑफिसात तो शिरला, तर समोरच्या बाकावर मन्मथअप्पा. शेजारी मंडळातले आणखी दोघे. क्षणभर कुणीच कुणाला ओळखलं नाही. मग मन्मथअप्पांनी आपण डोळे दाखवायला आलो आहोत असं सांगितलं. डोळ्यांचा डॉक्टर चार गल्ल्या पुढे होता. शिवप्पानं, जवळच आहे, अशी मान हलवली.

मॅडमनी मन्मथअप्पांची फाईल बाजूला ठेवून महानंदाची घेतली आणि उशिराचं कारण विचारलं. आजवर आलेल्या बहुतेकांनी बायकोचं आजारपण लिहिलं आहे, असंही त्या सहज म्हणाल्या. बाकावरचे तिघे छताकडे बघू लागले. शिवप्पाला आधार वाटला. आमच्याकडेही तसंच, घरात आजारपण, असं तो पुटपुटला.

महानंदा आजवर चारचौघांत नवऱ्यापुढे बोलली नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "लिंगाला हात लावून सांगा, मी कवा आजारी पडले?"

शिवप्पाचा हात उठलाच नाही.

"लिवा मॅडम," ती म्हणाली, "आमचे मालक उदगीर जिल्हा व्हायची वाट बघत बसले, म्हणून उशीर झाला. मला कायबी झालेलं न्हाई. माझी गाय गेली, येवढंच."

गाय गेली ती पाण्यापायी, असं शिवप्पा आजवर धरून चालला होता. दरवर्षीचं रिटर्न वेळेवर भरलं असतं, तर हाताशी पैसे राहिले असते आणि निदान टँकर घेता आला असता, हे त्याला त्या बाकासमोर उभं असताना कळलं. त्याला फार वाईट वाटलं. मॅडम म्हणाल्या की हे कारण द्यायचं तर नवऱ्याचं लेखी म्हणणं जोडावं लागेल. शिवप्पानं डोक्याचा रुमाल सोडला, खुर्ची ओढली आणि मंडळाच्या देखत लिहून दिलं की उशीर माझ्या हट्टानं झाला, बायकोचा यात दोष नाही. परतताना पाचही जण एकाच एसटीत होते. मंडळाचे तिघे उदगीरच्या एक थांबा अलीकडेच उतरले.

अर्जाचा निकाल यायला पावसाळा उलटला. आयकर ऑफिसातल्या साहेबांना कारण नवीन वाटलं असावं, पण खरं वाटलं. अर्ज मंजूर झाला, रिटर्नं भरली आणि दिवाळीच्या आधी पैसे महानंदाच्या खात्यात जमा झाले. शिवप्पा स्वतः टेम्पो घेऊन विष्णुपुरीला गेला. गौरा अंगणात उतरली तेव्हा महानंदा तिच्या गळ्याला मिठी मारून रडली. शिवप्पाकडे तिनं बघितलंही नाही, आणि त्याला ते रास्त वाटलं.

पुढच्या जुलैत, जिल्हा तसाच बाकी असताना, शिवप्पानं सकाळच्या पूजेत देवाची माफी मागितली, महानंदाची कागदं पिशवीत घातली आणि भर चौकात, हॉटेलासमोर, लातूरच्या एसटीला हात केला. रुमाल आज खांद्यावर होता.

"शिवप्पा, कुठं निघालास?" मन्मथअप्पांनी आतून विचारलं.

"लातूरला. महानंदाचं रिटर्न भरायला."

हॉटेलातल्या बशा थांबल्या. शिवप्पा चढून खिडकीशी बसला. कंडक्टरनं घंटी मारायला दोरी धरली, तेवढ्यात मन्मथअप्पा धोतर सावरत गाडीत चढले आणि त्याच्या शेजारी टेकले. त्यांच्या अर्जावर साहेबांनी डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं होतं आणि त्यांची बायको ठणठणीत होती. गाडी गावाबाहेर निघाली. मग मन्मथअप्पा त्याच्याकडे वाकून हळूच म्हणाले, "तू त्या दिशी काय लिवलं व्हतंस, ते जरा सांग बघू."