अक्षर नसलं तर

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सोलापुरातल्या एका कापड गिरणीत मी संगणकाच्या खोलीत कामाला होतो. यंत्राला आज्ञा टाइप करून द्यायची, तिच्यापुढं एखादं इंग्रजी अक्षर द्यायचं आणि काम कोणत्या तऱ्हेनं करायचं ते यंत्रानं अक्षरावरून ओळखायचं, अशी पद्धत. कुठल्या अक्षराचा अर्थ काय, हे ठरवणारा मी. वय सत्तावीस आणि मस्ती तर विचारूच नका.

माझा मुख्य नियम मी गिरणीच्या हजेरी मस्टरवरून उचलला. आमच्याकडं हजर माणसाचा रकाना कोराच ठेवायचे, गैरहजर असला तरच खूण. तेव्हा मीही ठरवलं, अक्षर नसलं तर यंत्रानं नेहमीचं काम सरळ उरकून टाकावं. काही वेगळं हवं असेल तरच अक्षर द्या.

मस्टर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या टाइमकीपरला ते पटलं नाही. "साहेब, निदान यादीतली नावं काढून टाकायला तरी अक्षर लागू द्या की. मस्टरात खोडलं तरी खालचं दिसतं. हितं काय दिसणार?"

मी खेकसलो, "एका कामाला एक नियम अन् दुसऱ्याला दुसरा? मग त्याला नियम कशाला म्हणायचं?" वर त्याची बदलीवाल्यांच्या यादीची जुनी वही रद्दीत घालायला लावली. बिचाऱ्यानं ती स्वतःच नेऊन टाकली.

बदलीवाले म्हणजे रोज सकाळी गेटवर उभे राहणारे कामगार. कायम कामगार आला नाही, की यादीतल्या क्रमानं यांना आत घ्यायचं. कायमची जागा निघाली तर तीही त्याच क्रमानं. आज्ञा दिली, की महिनाभर गेटवर न दिसलेल्याचं नाव यंत्र काढून टाकायचं. आज्ञेपुढं 'पी' दिला तर मात्र अशी नावं नुसती दाखवायचं.

एका सकाळी लेबर ऑफिसरनं ती नावं नुसती बघायला मागितली. त्यातलं आजारी कोण, हे त्यांना आधी तपासायचं होतं. मी आज्ञा टाइप केली आणि 'पी' द्यायला विसरलो. मी! ज्यानं तो नियम केला तो! अकरा नावं गेली. घाईघाईनं परत भरली, पण परत भरलेलं नाव यंत्र यादीच्या शेवटी घालायचं. आधीचा क्रम कागदावर कुठंच उरला नव्हता.

त्यात सांगोल्याकडचा एक जण होता. नऊ वर्षं गेटवर काढलेली. कावीळ झाली म्हणून महिनाभर गावी पडून होता, डॉक्टरची चिठ्ठीही पाठवली होती. यादीत तो पहिला होता आणि त्याच आठवड्यात विणाई खात्यात कायमची जागा निघणार होती. टाइमकीपरला सगळा क्रम तोंडपाठ होता. पण लेबर ऑफिसर मला म्हणाले, "तोंडी चालणार नाही. चूक तुमच्या हातून झाली, एवढं लिहून द्या. त्याचा नंबर त्याला परत देतो."

दोन ओळी लिहायच्या होत्या. सकाळचं दुपारवर ढकललं, दुपारचं उद्यावर. नोकरी जाईल अशी भीती नव्हती, खोटं कशाला बोलू? टाइमकीपरचं म्हणणं खरं ठरलं असतं, तेवढंच मला सोसत नव्हतं. लाज वाटते सांगायला. आठवडा संपला आणि जागा दुसऱ्याला गेली.

दुसऱ्या दिवशी सांगोल्याकडचा तो माझ्या खिडकीशी आला. डोळे अजून पिवळट होते. "साहेब, माजा नंबर कुटं गेला?"

"महिनाभर आला नाहीत," मी म्हणालो. "यंत्रानं नाव काढलं."

"व्हय, माजंच चुकलं की. कसंबी करून एक दिस तरी यायला पायजे हुतं." मग त्यानं हात जोडले. "तुमी नाव परत घातलं म्हनं. लई उपकार झाले, साहेब."

मी मान डोलावली.