आमच्या गेटवरचा ‘सावधान’ फ्लेक्स

सोसायटीच्या कमिटीत एकदा नाव लागलं की माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, बंद पडलेल्या ट्यूबलाइट आणि किस्से. ट्यूबलाइट भंगारवाला नेतो, किस्से कोण नेणार? मी आमच्या करंजाड्याच्या सोसायटीचा खजिनदार. गेटवर तो फ्लेक्स लागला आणि माझ्याकडचा साठा फारच वाढला.

*

सुरुवात मीटिंगमध्ये झाली. आमचे चेअरमन नाना. बिल्डिंग त्यांच्याच, सिडकोने शेतजमिनीच्या बदल्यात दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभी आहे, त्यामुळे निवडणुकीची भानगड नसते. कोणीतरी ग्रुपवर पेपरचं जुनं कात्रण टाकलं होतं. बी विंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या विनोदला पोक्सोच्या केसमध्ये शिक्षा झाली होती, असं त्यात होतं.

नानांना त्याचा फोटो गेटवर हवा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या वकील मॅडम म्हणाल्या, "अशा लोकांची सरकारी नोंद असते, पण ती पोलिसांपुरती. लोकांना खुली नसते, त्यालाही कारण आहे. शिक्षा भोगून झालेल्या माणसाला आपण रोज नव्याने शिक्षा द्यायची नसते."

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर हाय तुमचा. सरकार दाखवत नाय ना? मंग आमी दाखवू."

मॅडमचा विरोध कोणी लिहूनच घेतला नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.

*

काम पळस्पे फाट्याच्या नेहमीच्या फ्लेक्सवाल्याला दिलं. त्या माणसाने आयुष्यभर फक्त वाढदिवस छापलेत. नानांच्या वाढदिवसाचा फ्लेक्सही दरवर्षी तोच करतो. फ्लेक्स गेटवर लागला की नाना बिल्डिंगमधल्या पोरांना चॉकलेटं वाटतात.

तर फ्लेक्स आला. वर लाल अक्षरांत ‘सावधान’, मध्ये विनोदचा मोठा फोटो आणि खाली सवयीप्रमाणे आम्हा कमिटीवाल्यांचे गोल गोल फोटो. नानांचा गॉगलवाला.

मी फोन केला, तर म्हणतो, "शेठ, खाली रांग नसली की बॅनर भुंडा दिसतो."

*

वॉचमन एजन्सीचा, सारखा बदलतो. त्याच आठवड्यात नवीन आला होता, कामाला चोख. त्याने नानांचीच गाडी गेटवर अडवली.

"आपका फोटो लगा है बोर्ड पे."

"आरं, मी चेअरमन हाय हितला!"

"सब ऐसाइच बोलते हैं, अंकल."

मी खाली जाऊन ओळख पटवली, तेव्हा कुठे नानांना आत सोडलं. संध्याकाळी नानांनी कात्री मागवली आणि आमचे सगळ्यांचे फोटो कापून काढले. विनोदचा राहिला.

*

दुसऱ्या दिवशी नाना, वकील मॅडम आणि मी सोसायटीच्या ऑफिसात असताना विनोदची बायको रेश्मा आली. विनोद तळोज्याला कंपनीत शिफ्टला असतो. फ्लेक्स लागल्यापासून तो मागच्या गेटने ये-जा करत होता, आणि घरमालकाने खोली खाली करायला सांगितली होती.

ती बसली नाही. म्हणाली, "त्या केसमधली मुलगी मीच आहे. सतरा वर्षांची होते. आम्ही पळून गेलो म्हणून माझ्या वडिलांनी केस केली. तो सुटून आला आणि आम्ही लग्न केलं. आता मी कोणापासून सावध राहायचं, तेवढं सांगा."

मला तिच्याकडे बघवेना. नाना टेबलावरची धूळ पुसायला लागले.

"ताय, माज्या हातात काय नाय. ठराव करून लावलाय, ठराव करूनच काढायला लागंल. रविवारी मीटिंग हाय."

मॅडम म्हणाल्या, "नाना, तुमचे फोटो कुठल्या ठरावाने काढले?"

"त्ये शुभेच्छुक व्हते," नाना म्हणाले.

*

रविवारी मीटिंगला कोरम होईना. आम्ही चहा घेत थांबलो होतो. गेटवर फ्लेक्स तसाच होता. तेवढ्यात विनोदची मुलगी परी एकटीच आत आली. अजून नर्सरीत जाते, वाचता येत नाही. अंगात लग्नात घालायचा झालरीचा फ्रॉक, मुठीत थोडी वितळलेली चॉकलेटं. सगळ्यांना पुरणार नव्हती, म्हणून ती सरळ नानांकडे गेली आणि त्यांच्या हातावर दोन ठेवली.

"कसली गं चॉकलेटा?" नानांनी विचारलं.

"आमच्या पप्पांचा बड्डे आहे."

"आज?"

तिने खिडकीतून गेटकडे बोट दाखवलं. "केवढा मोठा फोटो लागलाय, बघा ना. मम्मी म्हणाली, तुम्ही लावलाय." आणि मग, घरी शिकवलं असेल तसं, "थँक्यू, आजोबा."